गेऑर्गियुस ॲग्रिकोला आणि खनिकर्मविद्येचे ग्रंथरूप : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :

युरोपीय प्रबोधनाचा विचार करताना सामान्यतः चित्रकला, शिल्पकला, काव्य, धर्मसुधारणा आणि खगोलशास्त्र यांतील परिवर्तनाचा प्राधान्याने उल्लेख केला जातो. लिओनार्दो, इरॅस्मस, कोपर्निकस ही नावे अभ्यासक्रमांतून सर्वपरिचित झाली आहेत. तथापि याच कालखंडात मध्य युरोपातील पर्वतरांगांत, जमिनीच्या पोटात आणि भट्ट्यांच्या धुरात ज्ञानाची आणखी एक क्रांती घडत होती. ज्या विद्येला विद्यापीठांत स्थान नव्हते आणि जी पिढ्यानपिढ्या गुरूच्या हाताकडे पाहून शिकली जात होती, ती खनिकर्माची व धातुकामाची विद्या सोळाव्या शतकात प्रथमच सुसंगत, सचित्र ग्रंथाच्या रूपाने विद्वज्जगतासमोर आली. या परिवर्तनाचा प्रमुख शिल्पकार म्हणजे सॅक्सनीतील विद्वान वैद्य गेऑर्गियुस ॲग्रिकोला (१४९४-१५५५) होय.

ॲग्रिकोलाला 'खनिजशास्त्राचा जनक' म्हटले जाते. हे बिरुद सार्थ असले तरी त्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. त्याने वर्णिलेली यंत्रे, भट्ट्या किंवा कस पाहण्याच्या रीती यांपैकी बहुतेक त्याने शोधून काढलेल्या नव्हत्या. खाणकामगार, भट्टीकामगार आणि नाणेकार यांना त्या ठाऊक होत्या. मग त्याचे योगदान नेमके कोणते? आणि हाताचे ज्ञान ग्रंथात उतरताना काय टिकले व काय निसटले? प्रस्तुत निबंधात या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने ॲग्रिकोलाच्या कार्याची चिकित्सा केली आहे.

जीवन आणि विद्याव्यासंग :

ॲग्रिकोलाचा जन्म २४ मार्च १४९४ रोजी सॅक्सनीतील ग्लाउखाउ या गावी झाला. त्याचे मूळ नाव गेऑर्ग बाउअर. जर्मन भाषेत बाउअर म्हणजे शेतकरी; तत्कालीन विद्वानांच्या प्रथेनुसार त्याने या नावाचे लॅटिन रूप 'ॲग्रिकोला' धारण केले. लाइप्झिग विद्यापीठातील शिक्षणानंतर त्याने त्स्विकाऊ येथे ग्रीक व लॅटिनचे अध्यापन केले. १५२० मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे पहिले पुस्तक लॅटिन व्याकरणावरील होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. धातूंचा हा भावी अभ्यासक मुळात शब्दांचा अभ्यासक होता.

पुढे वैद्यकाच्या अध्ययनासाठी तो इटलीत गेला. व्हेनिस येथील सुप्रसिद्ध आल्दीन मुद्रणालयात गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या समग्र ग्रंथांचे संपादन चालू होते. त्या कार्यात त्याने सहभाग घेतला. गेलन व डायोस्कोरिडीझ यांच्या ग्रंथांत अनेक खनिज औषधींची नावे येतात. परंतु ती नावे नेमक्या कोणत्या दगडांना, मातींना वा क्षारांना उद्देशून आहेत, हे सोळाव्या शतकातील वैद्यांना निश्चितपणे सांगता येत नव्हते. नाव पोथीत होते, वस्तू हरवली होती. ग्रंथसंपादकाची ही अडचण पोथ्यांच्या आधारे सुटण्यासारखी नव्हती. ती सोडविण्यासाठी खाणीत जाणे भाग होते.

१५२७ मध्ये ॲग्रिकोलाने बोहेमियातील योआखिम्सटाल या खाणनगरीत नगरवैद्याचे पद स्वीकारले. १५१६ मध्ये येथे चांदीच्या समृद्ध शिरा सापडल्या आणि अल्पावधीत डोंगरातल्या या वस्तीचे गजबजलेल्या नगरात रूपांतर झाले. येथील चांदीपासून पाडलेल्या नाण्यास 'टालर' म्हणू लागले. आजचा 'डॉलर' हा शब्द त्यावरूनच आला. रुग्ण तपासून उरलेला वेळ ॲग्रिकोला खाणींत, भट्ट्यांवर आणि जाणत्या खाणकऱ्यांच्या सहवासात घालवीत असे. काही वर्षांनी तो केम्निट्स येथे नगरवैद्य म्हणून स्थायिक झाला. तेथे त्याने नगराध्यक्षपदही भूषविले आणि आपले प्रमुख ग्रंथलेखन पूर्ण केले.

'बर्मानुस' : खाणकरी गुरुस्थानी :

१५३० मध्ये बाझेल येथील फ्रोबेन मुद्रणालयाने ॲग्रिकोलाचा 'बर्मानुस' हा छोटा संवादग्रंथ प्रसिद्ध केला. त्यास इरॅस्मसचे शिफारसपत्र जोडलेले होते. या ग्रंथात तीन व्यक्ती डोंगरातून हिंडत संभाषण करतात. त्यांतील दोघे विद्वान वैद्य आहेत. तिसरा बर्मानुस हा खाणकामाचा जाणकार आहे. योआखिम्सटाल येथील लोरेन्त्स बर्मान या वास्तव व्यक्तीच्या नावावरून हे पात्र घेतलेले आहे.

या संवादाची रचना अर्थपूर्ण आहे. वैद्य प्राचीन ग्रंथांतील नावे घेतात आणि प्रश्न विचारतात. बर्मानुस समोरचा दगड दाखवून उत्तर देतो. प्राचीनांना ज्ञात नसलेली द्रव्येही तो दाखवतो. बिस्मथ हा शिसे व कथिल यांपासून भिन्न असा स्वतंत्र धातू असल्याचे प्रतिपादन याच ग्रंथात येते. ज्या काळात प्राचीन ग्रंथ हेच अंतिम प्रमाण मानले जात होते, त्या काळात प्रश्नकर्त्याची भूमिका विद्वानाकडे आणि उत्तर देणाऱ्याची भूमिका खाणकऱ्याकडे सोपविणे, हे केवळ वाङ्मयीन तंत्र नव्हते. ज्ञानाच्या अधिकाराविषयीचे ते एक विधान होते.

१५४६ चे ग्रंथ : निरीक्षणाधिष्ठित वर्गीकरण :

१५४६ मध्ये ॲग्रिकोलाचे भूगर्भविषयक अनेक ग्रंथ बाझेल येथून एकत्रित प्रसिद्ध झाले. भूगर्भातील द्रव्यांची उत्पत्ती व कारणे, पृथ्वीतून बाहेर पडणारे द्रव व वायू, खणून काढलेल्या द्रव्यांचे स्वरूप आणि प्राचीन व नवीन खाणींचा इतिहास, असे त्यांचे विषय होते.

यांतील खनिजांच्या स्वरूपावरील ग्रंथ हा खनिजशास्त्राच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. पूर्वीचे अनेक ग्रंथकार रत्ने व दगड यांची यादी वर्णानुक्रमाने देत किंवा त्यांच्या अद्भुत गुणांच्या कथा सांगत. ॲग्रिकोलाने रंग, चव, गंध, आकार, कठीणपणा, चकाकी यांसारख्या इंद्रियगम्य गुणधर्मांना वर्गीकरणाचा पाया मानले. माती, दगड, घनरूप झालेले रस, धातू आणि मिश्र द्रव्ये असे गट त्याने कल्पिले. रासायनिक पृथक्करणाचे शास्त्र अस्तित्वात नसताना हाताशी असलेल्या साधनांनी करता येण्याजोगी ही सर्वांत पद्धतशीर मांडणी होती.

धातूंच्या उत्पत्तीसंबंधी त्याची भूमिकाही परंपरेपासून वेगळी होती. सात ग्रह आणि सात धातू यांचा संबंध जोडून ग्रहांच्या प्रभावामुळे धातू निर्माण होतात, ही समजूत त्याने नाकारली. खडकांतील भेगांमधून वाहणाऱ्या रसांपासून धातुकांच्या (म्हणजे कच्च्या धातुद्रव्याच्या) शिरा तयार होतात, अशी त्याची मांडणी होती. शिरा ही तिच्या भोवतीच्या खडकानंतर निर्माण होते, हा त्यात अनुस्यूत असलेला विचार पुढील काळातील भूविज्ञानाच्या दृष्टीने मौलिक ठरला.

'दे रे मेतालिका' : शब्द, चित्र आणि कसोटी :

ॲग्रिकोलाचा सर्वश्रेष्ठ ग्रंथ 'दे रे मेतालिका', म्हणजे 'धातूंविषयी', हा होय. बारा भागांच्या या ग्रंथाची अर्पणपत्रिका १५५० ची आहे. परंतु चित्रांचे लाकडी ठसे तयार होण्यास दीर्घ काळ लागला. २१ नोव्हेंबर १५५५ रोजी ॲग्रिकोलाचे निधन झाले आणि त्यानंतर सुमारे चार महिन्यांनी, १५५६ मध्ये, ग्रंथ बाझेल येथून प्रकाशित झाला. शिरांचा शोध, खाणीची मोजणी व प्रशासन, खोदकाम, यंत्रे, कामगारांचे आजार, धातुकांचा कस पाहणे, ती भाजणे, कुटणे, धुणे व वितळविणे, सोने, चांदी, शिसे, तांबे यांचे पृथक्करण आणि शेवटी मीठ, तुरटी, गंधक, काच इत्यादींची निर्मिती असा त्याचा विस्तृत आवाका आहे. या ग्रंथाचे वेगळेपण तीन बाबतींत दिसून येते.

पहिली बाब शब्दांची. जर्मन खाणकऱ्यांची स्वतःची समृद्ध बोली होती; परंतु त्या बोलीतील अनेक संज्ञांना लॅटिनमध्ये प्रतिशब्दच नव्हते. ॲग्रिकोलाने प्राचीन लॅटिन शब्दांना नवा अर्थ दिला, काही शब्द नव्याने घडविले आणि लॅटिन-जर्मन शब्दसूचीही सिद्ध केली. एखाद्या व्यवसायाची परिभाषा विद्वत्भाषेत घडविण्याचा हा प्रयत्न आधुनिक भारतीय भाषांतील परिभाषानिर्मितीच्या प्रश्नांशी परिचित असलेल्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल.

दुसरी बाब चित्रांची. शब्द काळाच्या ओघात दुर्बोध होतात, याचा अनुभव प्राचीन ग्रंथांच्या या संपादकास होता. म्हणूनच त्याने पदरचा खर्च करून चित्रकार नेमले. ग्रंथात सुमारे २९० काष्ठठसा चित्रे आहेत. यंत्राच्या प्रत्येक भागास अक्षर दिलेले आहे, अक्षरांचा खुलासा सोबत आहे आणि कित्येक चित्रांत यंत्राचे सुटे भाग शेजारी जमिनीवर मांडून दाखविले आहेत. ३६ फूट व्यासाचे एक प्रचंड पाणचक्र त्यात वर्णिले आहे. त्यावर परस्परविरुद्ध दिशांना तोंड असलेल्या पात्रांच्या दोन रांगा असून, पाण्याचा प्रवाह एकीवरून दुसरीवर वळविताच चक्र उलट दिशेने फिरू लागते. केवळ वर्णनावरून हे समजणे कठीण. चित्रामुळे ते कोणत्याही देशातील सुताराला बांधता येण्याजोगे होते.

तिसरी बाब कसोटीची. प्रत्यक्ष पाहिलेल्या, वाचलेल्या किंवा विश्वसनीय व्यक्तींकडून ऐकलेल्या गोष्टीच आपण लिहिल्या आहेत, असे ॲग्रिकोलाने प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. किमयागारांवर त्याचा मुख्य आक्षेप त्यांच्या गूढ, सतत बदलणाऱ्या नावांवर आहे. त्यांना खरोखर सोने करता आले असते तर नगरेच्या नगरे सोन्याने भरली असती, असा त्याचा युक्तिवाद आहे. याउलट त्याच्या सातव्या भागात तराजू, मूस, भट्टी आणि कसोटीचा दगड यांच्या साहाय्याने धातुकाचा कस कसा पाहावा, हे वजनांसह दिलेले आहे. सोन्याची शुद्धता ताडण्यासाठी क्रमाने वाढत्या प्रमाणात सोने असलेल्या २४ सुयांचा संच त्याने सांगितला आहे. आपल्याकडील पाणाडे जशी बेचकी फांदी घेऊन पाणी शोधतात, तशी फांदी घेऊन जर्मनीतील काही खाणकरी धातूच्या शिरा शोधीत. त्या रीतीच्या दोन्ही बाजू मांडून ॲग्रिकोलाने निर्णय दिला आहे की, सुज्ञ खाणकऱ्याने फांदीवर न विसंबता निसर्गातील खुणा वाचाव्यात.

हे कार्य सर्वस्वी एकट्याचे नव्हते. जर्मन भाषेत इ.स. १५०० च्या सुमारास खनिकर्मावरील एक पुस्तिका निघाली होती आणि इटलीतील वान्नोच्चो बिरिंगुच्चो याचा धातुकामावरील इटालियन ग्रंथ १५४० मध्ये प्रकाशित झाला होता. ॲग्रिकोलाने या दोहोंचा उल्लेख केला आहे. त्याचे वैशिष्ट्य विषयाच्या समग्रतेत आणि पडताळून पाहता येईल अशा मांडणीत आहे.

खाणीचे मोल : श्रम, आरोग्य आणि पर्यावरण :

'दे रे मेतालिका'चा पहिला भाग आजच्या वाचकास विशेष अंतर्मुख करणारा आहे. खाणकामाच्या विरोधकांचे आक्षेप ॲग्रिकोलाने त्यात विस्ताराने नोंदविले आहेत. खाणींमुळे शेते उद्ध्वस्त होतात. लाकडासाठी अरण्ये तोडली जातात. अरण्ये गेली की पशुपक्षी नाहीसे होतात. धातुके धुतलेले पाणी ओढ्यानद्यांत मिसळून मासे मरतात किंवा निघून जातात, असे ते आक्षेप होत. पर्यावरणविषयक हे युक्तिवाद सुमारे पावणेपाचशे वर्षांपूर्वी इतक्या स्पष्टपणे प्रचलित होते, ही बाब इतिहासकारांनी अधोरेखित केली आहे. कॅरोलिन मर्चंट यांनी निसर्गविषयक दृष्टिकोनाच्या इतिहासावरील १९८० च्या आपल्या ग्रंथात या चर्चेस महत्त्वाचे स्थान दिले आहे.

ॲग्रिकोलाचे उत्तर असे की, खाणी बहुधा नापीक डोंगरांत असतात. तोडलेल्या अरण्याच्या जागी शेती करता येते. मासे व पशुपक्षी धातूंच्या पैशातून विकत आणता येतात. आणि धातूंवाचून मनुष्य वन्य पशूंसारखे जिणे जगेल. यांतील शेवटचा मुद्दा बिनतोड आहे. परंतु मरणाऱ्या माशांच्या मोबदल्यात विकतचे मासे सुचविणाऱ्या या उत्तरात दूषित झालेल्या ओढ्याचे पुढे काय, या प्रश्नास स्वतंत्र उत्तर आढळत नाही. शिवाय ॲग्रिकोला हा तटस्थ निरीक्षक नव्हता. योआखिम्सटालजवळील एका खाणीत त्याचे भाग होते आणि त्यांपासून त्याला दीर्घकाळ उत्पन्न मिळत होते. तरीही प्रतिपक्षाचे म्हणणे त्याने सौम्य केले नाही. त्याचे उत्तर अपुरे वाटते, ते त्याने प्रश्न पुरतेपणी मांडला म्हणूनच.

वैद्य या नात्याने त्याने कामगारांच्या आजारांचीही नोंद केली. गार पाण्यात उभे राहिल्याने सांधे धरतात, कोरडी धूळ फुप्फुसे कुरतडते, काही द्रव्यांनी हातापायांस जखमा होतात, असे सांगून त्याने उंच जोडे, हातमोजे आणि चेहऱ्यावर सैल आवरण यांची शिफारस केली. कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या परिसरात काही स्त्रियांनी एकामागून एक सात पती गमावल्याचे त्याने लिहिले आहे. सॅक्सनीतील श्नेबर्ग येथील खाणकामगारांच्या या छातीच्या विकारामागे फुप्फुसांचा घातक अर्बुदरोग असल्याचे तेथील दोन वैद्यांनी १८७९ मध्ये दाखविले आणि विसाव्या शतकात त्याचा संबंध रेडॉन वायूशी जोडला गेला. ज्या योआखिम्सटालमध्ये ॲग्रिकोलाने वैद्यकी केली, तेथील खनिजापासूनच १८९८ मध्ये मारी व पिएर क्यूरी यांनी रेडियमचा शोध लावला, हा योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे.

मर्यादा आणि ग्रंथाचा पुढील प्रवास :

ॲग्रिकोला आपल्या काळाच्या पूर्णपणे पुढे नव्हता. खाणी ओस पडण्याच्या कारणांत त्याने भूगर्भातील पिशाचांचाही समावेश केला आहे. परंतु याहून महत्त्वाची मर्यादा ग्रंथाच्या रचनेत आहे. १५३० च्या संवादात बर्मानुस बोलत होता. १५५६ च्या ग्रंथात केवळ ग्रंथकार बोलतो. कामगार चित्राचित्रांत दिसतात. स्त्रियाही धातुके निवडताना दिसतात. रात्रपाळीचे खाणकरी झोप येऊ नये म्हणून गातात, पाळी सात तासांची असते, असे जिवंत तपशीलही येतात. मात्र त्या गाणाऱ्यांचे म्हणणे ग्रंथात ऐकू येत नाही. १५२५ च्या शेतकरी युद्धाच्या वेळी योआखिम्सटालच्या खाणकामगारांनीही उठाव केला होता, त्याची कारणे या ग्रंथावरून कळत नाहीत. शिवाय ग्रंथ लॅटिनमध्ये असल्याने ज्यांच्याकडून ज्ञान घेतले त्यांनाच तो वाचता येण्याजोगा नव्हता.

१५५७ मध्ये जर्मन आणि १५६३ मध्ये इटालियन अनुवाद प्रकाशित झाले. जर्मन अनुवादक हा विद्वान होता, खाणकरी नव्हे. त्यामुळे लॅटिनमध्ये गेलेले खाणकऱ्यांचे शब्द त्याला नेहमीच मूळ रूपात परत आणता आले नाहीत. सतराव्या शतकात चीनमध्ये जेसुइट धर्मोपदेशक आडाम शाल याच्या पुढाकाराने या ग्रंथाचा चिनी अनुवाद सिद्ध झाला. परंतु १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली आणि त्या धामधुमीनंतर तो दीर्घकाळ लुप्त मानला जात होता. १९१२ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेला सटीप इंग्रजी अनुवाद खाणअभियंता हर्बर्ट हूवर आणि भूविज्ञानाच्या पदवीधर व लॅटिनच्या जाणकार लू हेन्री हूवर या दांपत्याने केला. हर्बर्ट हूवर पुढे १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. ॲग्रिकोलाच्या नवघटित लॅटिन संज्ञांचा अर्थ लावण्यासाठी केवळ लॅटिन कोश पुरेसे नव्हते, धातुकामाचे ज्ञानही आवश्यक होते. पोथीतील शब्दांची वस्तू शोधण्यासाठी ॲग्रिकोला खाणीत उतरला होता. त्याच्या शब्दांची वस्तू शोधण्यासाठी हूवर दांपत्यास तोच मार्ग धरावा लागला.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ॲग्रिकोलाचे प्रमुख योगदान नव्या तंत्रांच्या शोधात नसून, विखुरलेले व मौखिक व्यावसायिक ज्ञान शब्द, चित्र आणि वजनमाप यांच्या आधारे पडताळता येण्याजोगे सार्वजनिक ज्ञान बनविण्यात आहे.

२) खनिजांचे गुणधर्मांवर आधारित वर्गीकरण आणि शिरांच्या उत्पत्तीची मीमांसा यांद्वारे त्याने खनिजशास्त्र व भूविज्ञान यांना पाया पुरविला.

३) खाणकामाचे आरोग्यावरील व निसर्गावरील दुष्परिणाम त्याने प्रामाणिकपणे नोंदविले, मात्र त्यांचे उत्तर देताना त्याने आर्थिक लाभास झुकते माप दिले.

४) ज्ञानाच्या ग्रंथबद्धतेत ज्ञानधारक कारागीर गुरूच्या स्थानावरून वर्णनाच्या विषयात रूपांतरित झाला.

विद्वान व कारागीर यांच्यातील भिंत ओलांडली गेल्याने आधुनिक विज्ञानाचा उदय झाला, असे प्रतिपादन एडगर झिल्सेल यांनी १९४२ मध्ये केले होते. ॲग्रिकोलाचे चरित्र त्यास पुष्टी देते. परंतु ती भिंत ओलांडण्याची मुभा बव्हंशी एकाच बाजूला होती, हेही ते दाखविते. आयुष्यभर कॅथलिक राहिलेल्या ॲग्रिकोलाला, ज्या केम्निट्सचे त्याने नगराध्यक्षपद भूषविले त्या प्रोटेस्टंट नगरात, मृत्यूनंतर दफनासाठी जागा नाकारण्यात आली आणि त्याचा देह त्साइट्स येथे नेऊन पुरावा लागला. त्याच्या स्मृतीला इतिहासाने पुढे न्याय दिला. लोरेन्त्स बर्मान आणि त्याच्या अनाम सहकाऱ्यांचे ऋण मात्र अद्याप पुरते फिटलेले नाही. हस्तकौशल्याच्या परंपरांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक संशोधकाने 'बर्मानुस' आणि 'दे रे मेतालिका' हे दोन्ही ग्रंथ म्हणूनच शेजारी ठेवून वाचणे अगत्याचे आहे.